भिवा तावड्याचं सुतक

शेलार गुरुजींच्या चौथीच्या वर्गात प्रतापगडचा धडा लागला की शेजारच्या तिसरीच्या बाई आपल्या खिडक्या लावून घेत. नाहीतर त्यांची पोरं पाढे सोडून भिंतीला कान लावून बसत. इकडे गुरुजींनी टेबलावर खुर्ची चढवलेली असे, तो गड. हातात डस्टर, ती वाघनखं. खान म्हणून वर्गातला सगळ्यांत जाड पोरगा पुढे ओढलेला, आणि आपला सन्मान चाललाय की अपमान हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळत नसे. माणूस बघाल तर किडकिडीत, छातीत दमा, फुंकर मारली तर उडेल असा. पण लढाई आली की कुठून आवाज यायचा कोण जाणे! खान पडला की सगळा वर्ग बाकांवर उभा आणि हेडमास्तर दाराशी उभे. "शेलार, जरा हळू," असं ते दर वर्षी सांगत आणि गुरुजी दर वर्षी मान डोलावत. बावीस वर्षं असंच चाललं होतं.

पूर्ण नाव कोंडीराम विठोजी शेलार. गाव साताऱ्याकडचं, पण ते सांगण्यापुरतं. वाढले चिंचपोकळीच्या एका खोलीत. बाप गिरणीत जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शिव्या खाऊन खाऊन मेला. आईने पापड लाटून सातवीपर्यंत शिकवलं, पुढे मास्तरकीची परीक्षा दिली आणि लालबागच्या म्युनिसिपल शाळेत जे चिकटले ते चिकटलेच. बायको राधाबाई. मूलबाळ नाही. त्यामुळे वर्गातल्या पोरांवर भारी जीव, आणि जीव तशी छडीही, खोटं कशाला बोला. त्यांचं म्हणणं साधं होतं. ह्या पोरांचे बाप दिवसभर गिरणीत साच्यापुढे, म्हणजे मागापुढे, मान खाली घालून उभे राहतात. मग पोरांनी मान वर करायला शिकायचं कुठे? इतिहासाच्या तासाला.

एक ओळ मात्र ते गाळत. खानाच्या फौजेतही मराठे होते, राजांच्याच भावकीतला एक भोसला खानाच्या बाजूने लढताना जावळीच्या रानात पडला, हे त्यांनी वाचलेलं होतं. पण बारक्या पोरांना कशाला घोळात पाडा, असं म्हणून ते त्या ओळीवरून दर वर्षी उडी मारून पुढे जात.

छप्पन्न सालच्या जानेवारीत, संक्रांतीचा गोडवा तोंडात आहे तोच, रेडिओवर बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. पुढे काय झालं ते लालबाग-परळात कोणाला सांगायला नको. माणसं रस्त्यावर आली, दगड आले, अश्रुधूर आला आणि मग गोळ्या आल्या. शाळा आठ-दहा दिवस बंद. गुरुजी स्वतः संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जाऊन घसा बसवून येणाऱ्यांतले. खिडकीशी बसून ते गोळ्यांचे आवाज ऐकत आणि दर आवाजाला राधाबाईंना म्हणत, "वर मारली असेल. हवेत."

त्यांच्या वर्गात दोन तावडे होते. शेवंती भिवा तावडे आणि जयवंत लवू तावडे. दोघांचे बाप चुलतभाऊ, मालवणकडचे. भिवा गिरणीत साचेवाला आणि लवू हत्यारी पोलिसांत शिपाई. गेल्या दिवाळीपर्यंत दोघांचे संसार लालबागच्या एकाच खोलीत, मध्ये एक लुगडं आडवं टांगून चालले होते. मग लवूला नायगावला पोलीस लाइनीत खोली मिळाली. जयवंताने मात्र शाळा सोडली नाही. शेवंती आहे तिथेच मी, असं म्हणून तो रोज नायगावहून लालबागपर्यंत चालत यायचा.

चौथ्या दिवशी नाक्यावर गोळीबार झाला त्यात भिवा तावडे गेला. तो मोर्चात होता की नुसता बघायला उभा होता, हे चाळीत दोन तऱ्हांनी सांगतात. पण एक गोष्ट सगळे एकाच तऱ्हेने सांगत. नाक्यावर जी पोलिसांची तुकडी होती तिच्यात लवू होता. शेजारच्या खोलीतल्या बाबुरावने त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. संचारबंदीत चार माणसांना परवानगी मिळाली, त्यांनी भिवाला नेला, आणि अग्नी बाबुरावनेच दिला. भिवाला मुलगा नव्हता.

शाळा उघडली तेव्हा भिवाला जाऊन सहा दिवस झाले होते. चाळीसांतली सव्वीस पोरं आली होती. मधल्या सुट्टीत गुरुजींनी वरून पाहिलं तर अंगणात खेळ रंगला होता. एरवी पोरं मावळे आणि खान खेळत. आता एका बाजूला मराठे आणि दुसऱ्या बाजूला पोलीस. पोलीस व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून जयवंताला पोलीस केलं होतं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि बाकीचे त्याला खडे मारत होते. ओरडणं, हात उगारणं, एक पाय पुढे टाकून उभं राहणं, सगळं कसं हुबेहूब गुरुजींचं. आपलीच विद्या ती. गुरुजींनी घंटा वेळेआधी वाजवायला लावली.

पोरांची तोंडं गोड करावीत, असं त्यांच्या मनात आलं. राधाबाईंनी संक्रांतीला वर्गासाठी केलेल्या तिळगुळाचा डबा तसाच राहिला होता; आज तो त्यांनी पिशवीतून आणला होता. रथसप्तमी व्हायची होती, तोपर्यंत तिळगूळ चालतोच. पण ज्यांच्या घरी सुतक, त्यांच्या हातावर सणाचा गोड घास ठेवायचा नसतो, एवढी रीत गुरुजींना कळत होती. म्हणून त्यांनी भरवर्गात विचारलं,

"कोणाकोणाच्या घरी सुतक आहे रे? त्यांनी उभं राहा, म्हणजे मी त्यांना सोडून पुढे जाईन."

शेवंती उभी राहिली. ती उभी राहणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. मग मुलांच्या बाजूला शेवटच्या बाकावर जयवंत उभा राहिला. भावकीच ती, भिवाचं सुतक त्याच्या घरालाही दहा दिवस होतंच. आईने घरी सांगितलेलं पोराने ऐकलं, यात त्याचं काय चुकलं?

शेवंतीने मागे वळून पाहिलं. नऊ वर्षांची पोर, पण आवाज असा निघाला की पुढची मुलं दचकली.

"तू बस खाली. तुका सुतक नाय. तुझ्या बापसानच मारल्यान माझ्या बापाशीक."

जयवंत बसला नाही आणि उभाही राहिला नाही. मधेच कुठेतरी वाकून राहिला. मग दप्तर उचलून तो दाराबाहेर गेला. गुरुजी तिळगुळाचा डबा हातात धरून उभे होते. करायला गेले गणपती आणि झालं माकड, ही म्हण त्यांनी पोरांना शंभरदा समजावून सांगितली असेल. तिचा अर्थ त्यांना त्या दिवशी कळला. दुसऱ्याच्या घरातलं मरण हे काय हजेरीसारखं भरवर्गात विचारायचं असतं? त्यांनी डबा बंद केला. त्या दिवशी कोणालाच तिळगूळ मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी जयवंत आला नाही. गुरुजींनी इतिहासाचं पुस्तक उघडलं. प्रतापगड. पोरं सरसावून बसली, जाड पोरगा आपण होऊन अर्धा उठला. पण टेबलावर खुर्ची चढली नाही. गुरुजी खाली बसूनच, हळू आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला बावीस वर्षं एक गोष्ट सांगितली नाही. खानाकडेही मराठे होते."

"छ्या! चुकलं तुमचं, गुरुजी," एकजण म्हणाला.

"नाही चुकलं. राजांच्या भावकीतला एक भोसला होता. तो खानाकडून लढताना मेला. आपल्याच मावळ्यांनी मारला." गुरुजींना पुढे काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं. त्यांनी आपलं मनात आलं ते विचारलं. "त्याच्या घरी निरोप कोणी नेला असेल रे?"

कोणी म्हणालं जासूद, कोणी म्हणालं घोडेस्वार. शेवंती पाटीकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे बाबुरावकाका आले. चपला हातात घेऊन आले. आईने भाकरीचं पीठ मळलेलं, ता तसाच ऱ्हवला. मग दुसऱ्या दिवशी शेजारणीने ता टाकून दिला."

आणखी एका मुलाचा काका परळला जखमी होऊन पडला होता, तो बोलला. एक मुलगी म्हणाली, आमची आजी रात्रंदिवस दार लावून घेते आणि कोणी कडी वाजवली की देव्हाऱ्यापाशी जाऊन बसते. बावीस वर्षं गुरुजी बोलत आणि पोरं ऐकत. त्या तासाला पोरं बोलली आणि गुरुजींनी ऐकलं. त्या भोसल्याच्या घरीही कोणी पीठ मळलं असेल का, यावर ती बराच वेळ बोलत राहिली. जाड पोरगा म्हणाला, "खानाच्या घरीपण मळलं असेल." कोणीही हसलं नाही.

तास संपता संपता शेवंतीने विचारलं, "गुरुजी, मग त्या भोसल्याचं सुतक राजांनी धरलं काय?"

गुरुजी म्हणाले, "मला माहीत नाही, बाळ. कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही."

"मग कोणाला तरी विचारा ना," ती म्हणाली.

विचारायचं कोणाला? तरी संध्याकाळी गुरुजी नायगावला गेले. धाप लागली म्हणून वाटेत दोनदा बसले. पोलीस लाइनीतली ती खोली शोधायला वेळ लागला नाही. शेजारचे शिपाईही तिच्याकडे बोट दाखवताना आवाज खाली करत होते. जयवंत भिंतीकडे तोंड करून निजला होता. लवू चटईवर बसला होता. उंच, भरल्या अंगाचा माणूस, आणि मिशी अशी की लालबागच्या चाळीत एकेकाळी पोरं ती मोजायला यायची. गुरुजींना पाहून तो उठला आणि हात जोडून तसाच उभा राहिला.

"मी चुकलो. वर्गात विचारायला नको होतं," गुरुजी म्हणाले. "जयवंताला पाठवा शाळेत."

लवू आपल्या गालावरून हात फिरवून म्हणाला, "गुरुजी, सुतकात दाढी करूची नसता. पण परेडीक दाढी लागता. रोज सकाळी करतंय. रोज वाटता, भिवा मागे उभो आसा आणि म्हणता, काय रे लवू, इतक्यात?"

मग त्याने सांगितलं. सांगायला कोणी मिळालंच नव्हतं त्याला. भिवा आणि तो एकाच बोटीने आले, एकाच दिवशी पोलीस भरतीच्या रांगेत उभे राहिले. टेप लावणाऱ्याने भिवाची छाती अर्धा इंच कमी भरवली. भिवाने श्वास ओढून धरला होता, पण वेळ लागला तसा तो सुटला. "तो म्हणालो, तू जा, मी गिरणीत बघतंय. तेवढोच फरक, गुरुजी. अर्धो इंच. नायतर त्या दिवशी नाक्यार तो आसतो बंदूक घेवन, आणि मी फुडे."

त्याला अजून एक गोष्ट छळत होती. दहावा तीन दिवसांवर आला होता. भिवाला मुलगा नाही, सख्खा भाऊ नाही. गावची भावकी म्हातारी झालेली, बोटीने यायची तर पोचायची नाही. पिंड द्यायला, पाणी सोडायला हक्काचा माणूस म्हणजे एकटा लवू. "पण मी खय जाव? चाळीत पाय ठेवलंय तर जित्तो सोडूचे नाय. आणि सोडले तरी वहिनीक तोंड कसा दाखवू?"

गुरुजींना वाटलं, हे जमलं तर सगळं जमेल. लवूच्या हातून पाणी गेलं, की भावकी राहिली. भावकी राहिली की जयवंत परत आपल्या बाकावर येईल आणि आपण भरवर्गात जी माती केली ती थोडी तरी निस्तरेल. माणूस स्वतःच्या चुकीतून सुटायला बघतो तेव्हा त्याला वाटा फार सोप्या दिसतात. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते लालबागला गंगुबाईकडे, भिवाच्या बायकोकडे, गेले.

खोलीत बायका बसल्या होत्या. दारात बाबुराव होता. गुरुजींनी लवूचं नाव काढलं मात्र, तो उसळला. "तो कोण लागतो? आता आम्ही सगळे भिवाचे भाऊ. हुतात्मा आहे तो! चळवळीचे लोक येऊन गेले, सगळी चाळ दहाव्याला येणार आहे. पोलिसाचं पाणी कशाला पाहिजे त्याला?"

"बाबुराव, आरडू नको," आतून गंगुबाई म्हणाली. ती बाहेर आली नाही. भिंतीला टेकून, गुडघ्यांत मान घालून बसली होती, तिथूनच बोलली. "सगळे हुतात्मा हुतात्मा म्हणतत. हुतात्म्याक तहान लागणा नाय काय?"

बाबुराव दारातून बाजूला झाला.

"गुरुजी, त्येचा तोंड माका बघूचा नाय," ती म्हणाली. "पण पाणी त्येनाच देवक व्हया. ह्यांका दुसरा कोण आसा? मी येवची नाय. माझी शेवंती येतली. ती बघान येतली."

असा निकाल झाला. दहाव्या दिवशी सकाळी सगळे दादरच्या चौपाटीवर जमले. शेवंतीने गुरुजींचं बोट धरलं होतं. चाळीतली बरीच माणसं आली होती, पण भटजींपासून चार हात लांब, अशी उभी होती. लवू दोन तासांची रजा घेऊन आला. न्हाव्यापुढे बसला. डोक्याचे केस गेले, मग मिशी गेली, आणि तो उठला तेव्हा त्याला कोणी ओळखलं नसतं. एवढा आडवा माणूस, पण पंचा नेसून वाळूत बसल्यावर पोरासारखा दिसत होता. भटजी सांगतील तसं तो करत गेला. पाणी कुठे सांडलं नाही. पिंड ठेवून सगळे मागे सरले.

कावळे होते. नारळीवर सात-आठ बसले होते. एक खाली उतरला, पिंडाभोवती दोन उड्या मारून परत वर गेला. भटजी म्हणाले, "काही राहिलं असेल मनात. बोला. वचन द्या."

लवू हात जोडून म्हणाला, "भिवा, शेवंतीचा शिक्षण मी करतंय." कावळा आला नाही. "वहिनीक काय कमी पडूचा नाय." नाही आला. "गावच्या घराची कौला मी परततंय, दर वर्षी." ऊन वाढत होतं. माणसं चुळबुळ करू लागली.

बाबुराव मागून म्हणाला, "त्याला काय ऐकायचंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझी गोळी नव्हती म्हणून सांग. सांग की!"

आणि बाबुरावच्या बोलण्यात त्या क्षणी राग नव्हता बरं का. त्यालाही ते ऐकायचंच होतं. सगळ्यांनाच ऐकायचं होतं. एवढं एक वाक्य लवू बोलता, तर निम्म्या माणसांनी तिथेच त्याच्या पाठीवर हात ठेवला असता. गुरुजी मनातल्या मनात म्हणत होते, बोल बाबा, बोलून टाक. शेवंतीने त्यांचं बोट सोडलं आणि ती पुढे गेली, लवूच्या अगदी जवळ.

"काका, बोला ना," ती म्हणाली.

लवूने तिच्याकडे पाहिलं. "ता माका ठाऊक नाय गे, बाय," तो म्हणाला. "दोन गोळ्ये झाडलंय. एक वर मारलंय. दुसरी खय गेली ता माका दिसाक नाय. धूर होतो. आता ह्येच्या पिंडापुढे बसान खोटा कसा बोलू?"

लवू रडत होता, आणि शेवंती त्याच्यासमोर तशीच उभी होती. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. अशी वेळ आली की तसं करतात. लवूने समुद्रात बुडी मारली, कपडे घातले, पिवळी टोपी बोडक्या डोक्यावर ठेवली. ती आता सैल होत होती. तो ड्यूटीवर गेला.

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. सुतक फिटलं, की भावकीने एका पंक्तीला बसून तोंड गोड करायचं, म्हणजे दुःख झाडून माणसं परत व्यवहाराला लागली. गुरुजींना बोलावणं होतं. पंगत बसली आणि जिन्यातून जयवंत वर आला. एकटाच. धुतलेला सदरा, केसांना तेल. गुरुजींच्या जिवात जीव आला. शेवंती उठली, तिने आपल्या शेजारी पान मांडलं आणि परत बसली. गंगुबाई खीर वाढत आली. जयवंताच्या पानावर तिने सगळ्यांसारखीच पळीभर खीर घातली. तेवढ्यात पोरगं म्हणालं,

"काकी, बाबा खाली उभे आसत. त्येनी सांगलानी, काकीक विचारून ये. वर येऊ काय म्हणान."

पंगतीतले हात थांबले. गुरुजींनी कठड्यावरून खाली पाहिलं. नळापाशी, साध्या धोतर-सदऱ्यात, डोक्याला रुमाल गुंडाळून लवू उभा होता. वर बघत नव्हता.

गंगुबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. मग ती म्हणाली, "त्येका सांग, पाणी दिलंस, बरा केलंस. सुतक फिटला. आता तुझी वाट येगळी, आमची येगळी." आणि ती पुढच्या पानाकडे वळली.

जयवंताने खीर खाल्ली नाही. तो हात न धुता खाली गेला. बापाला काय सांगितलं ते वरून ऐकू आलं नाही, पण लवूने मान हलवली, दोनदा हलवली, पोराचा हात धरला आणि दोघे चालू लागले. पानं उचलायची वेळ झाली तेव्हा शेवंती जयवंताच्या पानापुढे बसून राहिली आणि कोणालाही ते उचलू देईना. आईने शेवटी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला पोटाशी धरलं. तेराव्या दिवशी दोघी पहिल्यांदा एकत्र रडल्या, असं शेजारणी सांगतात.

गंगुबाईचं काही चुकलं, असं गुरुजींनी कधी म्हटलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण त्या दिवशी घरी येऊन ते राधाबाईंना म्हणाले, "मी पोरांना बावीस वर्षं लढाया शिकवल्या. लढाई संपल्यावर काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं गं." आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच लवू आला. जयवंताला आणलं नव्हतं. नायगावच्या शाळेत नाव घालतो म्हणाला, दाखला हवा होता. गुरुजींनी पोराला ठेवा म्हणून एकदा सांगून पाहिलं, दुसऱ्यांदा सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी दाखल्याचा कागद घेतला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, वर्तणूक चांगली लिहिली. मग आला तो रकाना, शाळा सोडण्याचं कारण. तिथे टाक टेकवून ते बराच वेळ बसले. शाई सुकली, परत बुडवली. खरं कारण लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती, आणि असती तरी ते कोणत्या शब्दांत लिहायचं? सगळे मास्तर जे लिहितात तेच त्यांनी लिहिलं. वडिलांची बदली.

लवूने कागद हातात घेतला. त्याला वाचता येत होतं, पण एकेका अक्षरावर बोट ठेवून. बोट त्या रकान्याशी आलं आणि थांबलं. त्याने तेच दोन शब्द परत वाचले. मग गुरुजींकडे पाहून, अगदी साध्या आवाजात, खरंच कळलं नाही म्हणून विचारावं तसं त्याने विचारलं,

"माझी बदली खय झाली, गुरुजी? मी तर हयच आसंय."